हाड जिवंत आहे



आम्ही राईस मिलमध्ये पोती वाहणारे कामगार. डॉक्टर नाही. वाचून, विचारून जे समजले ते आपणापुढे ठेवतो.

हाड म्हटले की वाळलेले लाकूड डोळ्यांपुढे येते. पण अंगातले हाड जिवंत असते. त्याला रक्त मिळते, म्हणून तर मोडलेले हाड पुन्हा सांधते. जन्मलेल्या बाळाला सुमारे ३०० हाडे असतात, मोठेपणी २०६ राहतात. बाकीची गेली कुठे? कुठेच नाही, एकमेकांत जुळली. लहानपणीचे ३३ मणके मोठेपणी जुळून २६ होतात.

हाडांची कामे किती! शरीर उभे ठेवायचे. कवटीने मेंदू आणि बरगड्यांच्या १२ जोड्यांनी हृदय-फुप्फुसे जपायची. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांतच साठलेले असते. आतल्या मज्जेत रक्त तयार होते.

लांब हाडांच्या टोकांजवळ कुर्चेचा पट्टा असतो, तिथून उंची वाढते. हा पट्टा मुलींचा लवकर, मुलांचा थोडा उशिरा भरून येतो. तो कोवळा असताना पोराच्या पाठीवर पोते दिले तर इजा होऊ शकते. म्हणून आम्ही म्हणतो, पोराला हमालीला नेऊ नका, शाळेत पाठवा.

हाडाची मजबुती पंचवीस-तिशीपर्यंतच जमा होते, पुढे हळूहळू घटते. पाळी गेल्यावर बायांची तर झपाट्याने घटते. मग पोरीच्या ताटात कमी का वाढायचे? दूध-दही, तीळ, पालेभाजी, तलावातली काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासोळी तिलाही द्या. उन्हाने अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. आपल्या चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली पाळी करणाऱ्यांनी तर सुटीच्या दिवशी आवर्जून ऊन घ्यावे. खाणीतले मँगनीज पोलाद कणखर करते. हाडालाही ते कणभर लागते, पण ते अन्नातून मिळते. धुळीतून नाकात फार गेले तर मेंदूला बाधते. म्हणून धुळीत नाक-तोंड झाका.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, अनेक समाजांत आहे, आपल्याही आहे. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. हाडाला रक्त मिळत नाही. पोराचे हातपाय ठणकतात, आपण वात म्हणून तेल चोळत बसतो. कोणाच्या खुब्याचा गोळा ऐन तरुणपणी मरतो आणि तो लंगडायला लागतो. ही करणी नाही, मागल्या जन्माचे पापही नाही. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नुसता वाहक सहसा आजारी नसतो, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही.

१ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आम्ही तरुणांना कळकळीने सांगतो, लग्न जुळवण्याआधी दोघांचेही रक्त तपासा. पत्रिका नको, रक्ताचा कागद पाहा. आणि अहवाल काहीही येवो, त्यावरून कोणाच्या लेकीला नाव ठेवू नका.