छताखालचे छत



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळींना हसू आले असेल. कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने शिडाच्या नौकेच्या केबिनमधील अस्तरावर बोलावे, हे त्यांना विसंगत वाटले असेल. शिडाची नौका म्हणजे धनिकांचा छंद, असे आपण धरून चालतो. परंतु ज्या नौकांविषयी आम्ही बोलणार आहोत, त्या कारखान्यांत शेकड्यांनी बनल्या, आणि आज त्यांचे मालक बहुधा स्वतःच्याच हाताने त्यांची डागडुजी करतात. जेथे काम आहे तेथे काम करणारा आहे, आणि जेथे काम करणारा आहे तेथे बोलण्याचा आमचा हक्क आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. शतकानुशतके नौका लाकडाचीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेचे तंतू आणि रासायनिक राळ यांचे थरावर थर साच्यात देऊन नौका घडवण्याची विद्या फैलावली. यालाच आपण फायबरग्लास म्हणतो. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या पिअरसन नावाच्या दोघा चुलतभावांनी 'ट्रायटन' ही सुमारे २८ फुटांची शिडाची नौका मांडली, आणि पुढे तशा सातशेच्या आसपास नौका तयार झाल्या. इंग्लंडात १९६९ साली वेस्टर्ली या कारखान्याची २६ फुटी 'सेंटॉर' निघाली. हिला तळाशी दोन कणे. त्यामुळे ओहोटी लागली की ती चिखलात सरळ उभी राहते. १९८० पर्यंत तशा अडीच हजारांच्या आसपास नौका तेथे बनल्या. सुताराच्या कसबातून नौका कारखान्याच्या वेळापत्रकात आली ती अशी.

आता छतापाशी येऊ. साच्यातून निघालेल्या फायबरग्लासची बाहेरची बाजू आरशासारखी गुळगुळीत असते, पण आतली बाजू खरखरीत, तंतू वर आलेली, हात फिरवला तर बोचणारी. शिवाय थंड देशातल्या रात्री चार माणसे केबिनमध्ये निजली, की त्यांच्या श्वासाची वाफ गार छताला लागून पाणी होते आणि ते निजलेल्याच्या कपाळावर ठिबकते. यावर उपाय म्हणून छताखाली दुसरे छत आले. व्हिनाइलचे, म्हणजे आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तसे कापड, त्याच्या पाठीला फोमचा पातळ थर, आणि ते सारे सोल्युशनने थेट फायबरग्लासला चिकटवलेले. कडांना सागाच्या किंवा महॉगनीच्या पट्ट्या बसवल्या की काम संपले. फोमने छताचा खडबडीतपणा झाकला, गोलाईवर कापड बसले, आणि मुख्य म्हणजे काम झटपट झाले.

हे झटपट काम वीस-तीस वर्षे टिकले, पुढे टिकले नाही. फोम दमट हवेत हळूहळू कुजतो. त्याचे रासायनिक बंध पाणी तोडते, आणि मऊ गादीची शेवटी तपकिरी भुकटी होते. कापड बहुधा शाबूत राहते. फक्त त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. मग ते लग्नातल्या मांडवाच्या कनातीसारखे मध्ये पोटाळते, माणसाच्या डोक्याला लागते, आणि चहाच्या पेल्यात ती तपकिरी भुकटी पडू लागते. 'सेंटॉर'च्या आणि तिच्या जमान्यातल्या इतर कित्येक नौकांच्या मालकांना हा अनुभव चांगला परिचयाचा आहे.

मग दुरुस्ती कशी करावी? आधी लाकडी पट्ट्या काढाव्या लागतात. स्क्रूच्या डोक्यांवर लाकडाची लहान बुचे बसवलेली असतात. ती पटाशीने हलकेच उपटून स्क्रू सोडवावे, आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने तिची जागा लिहावी. नौकेत सरळ रेषा जवळजवळ नसतेच. डावीकडची पट्टी उजवीकडे बसत नाही. मग कापड ओढावे. ते केळीच्या सालीसारखे सुटून येते, परंतु सडका फोम आणि जुने सोल्युशन छतालाच राहते. ते ताठ ब्रशने आणि खरवडणीने, मान वर करून किंवा उताणे पडून, वीत-वीत काढावे लागते. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला धुळीचा मुखवटा हवाच. या कामाला दुसरा सोपा मार्ग नाही.

येथे थोडे थांबावे. कित्येक वर्षांनी छत प्रथमच उघडे पडलेले असते. डेकवरचे कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, शिडाचे रहाट हे सारे ज्या नट-बोल्टांनी धरलेले असते, त्यांचे नट याच अस्तराच्या आड दडलेले असतात. एखाद्या नटाभोवती गंजाचा डाग दिसतो, एखाद्या भोकाखाली पाण्याचा ओघळ. कित्येक नौकांच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड भरलेले असते. बोल्टाच्या भोकातून पाणी झिरपले, की ते लाकूड आतल्या आत कुजते आणि वरून चालणाऱ्याच्या पायाखाली डेक दबू लागतो. अस्तर होते तोवर यातले काहीच दिसत नव्हते. म्हणून जाणता माणूस नव्या कापडाच्या दुकानात नंतर जातो. आधी तो प्रत्येक बोल्ट काढतो, भोक सुकवतो, नवा जलरोधक लेप भरून बोल्ट पुन्हा कसतो. गळके छत झाकून ठेवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

आता नवे अस्तर. दोन वाटा आहेत. पहिली जुनीच : पुन्हा फोमचे कापड आणून सोल्युशनने चिकटवावे. गोलाईवर ते छान बसते, डोक्यावरची उंचीही फारशी खात नाही. आणि पुन्हा कधीतरी तसेच लोंबते. दुसरी वाट अधिक कष्टाची. छताला लाकडी पट्ट्या राळेने पक्क्या कराव्या. जाड कागदावर प्रत्येक भागाचा आकार बेतून घ्यावा. ४ मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या प्लायवूडचे तक्ते त्यावरून कापावे. त्यांच्या कडा ओल पिऊ नयेत म्हणून राळेने किंवा वार्निशने बंद कराव्या. आणि मग त्यांवर कापड ताणून पाठीमागे स्टेनलेसच्या पिना माराव्या, कारण साध्या पोलादी पिना खाऱ्या हवेत गंजतात. हे तक्ते स्क्रूने बसवावे आणि दोन तक्त्यांमधला सांधा लाकडी पट्टीने झाकावा. इंचभरापर्यंत उंची जाते, खर्चही अधिक येतो. परंतु उद्या कोठे गळले, एखादी वायर तुटली, तर चार स्क्रू काढले की छत उघडते.

आमच्या व्याख्यानाचे सार याच चार स्क्रूंत आहे. चिकटवलेले छत आणि स्क्रूने बसवलेले छत, दोन्ही पहिल्या दिवशी सारखीच सुंदर दिसतात. फरक कळतो तो पुढे, आणि तो कळतो दुसऱ्याच माणसाला. कारखान्यात वाचवलेले काही तास तीस वर्षांनंतर कोणाच्या तरी मानेवर आणि फुप्फुसांवर वसूल होतात. आपल्या गावातही गळक्या गच्चीखाली पांढरेशुभ्र खोटे छत करून घेणारी घरे आम्ही पाहिली आहेत. झाकणाऱ्याने उघडण्याची वाट ठेवलीच पाहिजे. ती न ठेवणे म्हणजे आपले काम परक्याच्या डोक्यावर टाकणे आहे.

आणि वसुलीची दुसरी बाजू सोल्युशनची. हे रबरी सोल्युशन ज्या द्रावकांत विरघळवतात, त्यांत टोल्यूइन असते, कित्येकदा हेक्झेन असते. त्यांची वाफ हवेहून जड असते. अरुंद केबिनमध्ये ती तळाशी साचते, डोके गरगरवते, आणि एका ठिणगीसरशी पेट घेते. नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मुखवटा तिला अडवत नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा आणि वाहती हवा लागते. इटलीत आणि जपानात चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय हेक्झेनने लुळे पडल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. बेंझिन असलेल्या सोल्युशनवर काम करणाऱ्या इस्तंबूलच्या चर्मकामगारांत रक्ताचा कर्करोग वाढल्याचे डॉ. मुझफ्फर अक्सॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिले. १९७१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेंझिनविषयी करार केला : निर्धोक पर्याय असेल तेथे बेंझिन वापरू नये. भारताने तो १९९१ साली मान्य केला.

नौकेचा मालक हौसेने एका उन्हाळ्यात हे काम करतो. झडपा उघडून चार दिवस वाफ सोसतो आणि घरी जातो. पण हेच सोल्युशन घेऊन जो रोज आठ-दहा तास बसतो, त्याचे काय? धारावीच्या पोटमाळ्यांवर चामड्याच्या पिशव्या चिकटवणारा, मोटारींच्या गाद्या शिवणारा, सोफ्यांना रेक्झिन लावणारा, हे सारे त्याच डब्यात ब्रश बुडवतात. त्यांच्या खोलीला खिडकी आहे काय? डब्यावर काय मिसळले आहे ते त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहिले आहे काय? आमच्या संघटनांनी पगाराच्या मागणीबरोबर या दोन मागण्याही नेहमी लिहिल्या पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पगाराने पोट भरते, पण तो घेऊन घरी जायला हातपाय धडधाकट लागतात.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला शिडाची नौका येणार नाही. परंतु घराचे छत, दुकानाचे फर्निचर, मोटारीची गादी यांचे काम प्रत्येकाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येते. तेव्हा कारागिराला भाव विचारण्याआधी दोनच प्रश्न विचारा : हे पुन्हा उघडता येईल ना? आणि हे करताना तुला श्वास घेता येतो ना? दोन्हींचे उत्तर होय असेल, तर चार पैसे अधिक पडले तरी खुशाल द्या.