गाणं आपलं, नावही आपलं
(कौंडण्यपूर येथील महिला मेळाव्यातील भाषण)

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. स्वतः पत्र धाडून तिनं आपलं लग्न ठरवलं, अशी कथा आहे. आज आपल्या आवाजाबद्दलच बोलते.

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटानं २०१९ मध्ये ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. आरे जंगल वाचवणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गायले. २०२० मध्ये गटाचा पहिला अल्बम आला, ‘चेतावनी’. ज्यांचं जंगल, त्यांचाच आवाज!

आपल्या मेळाव्यांत मात्र गाणी शहरातून येतात, गावच्या बाया टाळ्या वाजवतात. दारूवर, मजुरीवर, मारहाणीवर आपण वऱ्हाडीतच गाणी रचू. आणि रचणारीचं नाव गाण्याखाली लिहू. जात्यावरच्या ओव्या उरल्या, रचणाऱ्या बायांची नावं हरवली. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.