पुड्यावरचे ग्रॅम



पाच रुपयांचा बिस्किटपुडा अजून पाच रुपयांनाच मिळतो, याचं आपल्याला समाधान वाटतं. पाचाचं नाणं, दहाची नोट हे आकडे गिऱ्हाइकाच्या मनात पक्के बसलेले असतात आणि विकणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. किंमत रुपयानं वाढली की दुकानातच कुरकुर सुरू होते. आतले दहा ग्रॅम कमी झाले तर कोण तागडी घेऊन बसतं? वेष्टनावर 'नवीन पॅक' एवढंच ठळक छापलेलं असतं.

पूर्वी याला थोडा लगाम होता. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांना एक परिशिष्ट होतं. चहा, बिस्किटं, मीठ, साबण, खाद्यतेल अशा वस्तूंच्या पाकिटांची वजनमापं त्यात ठरवून दिलेली होती. २०२१ च्या दुरुस्तीनं ते परिशिष्ट काढलं आणि त्याऐवजी दर छापण्याची सक्ती आणली. माल किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅमचा दर, जास्त असेल तर किलोचा. कल्पना मला मनापासून पटते. पण एका पाकिटावर '०.२३ रुपये प्रति ग्रॅम' आणि शेजारच्या मोठ्या पाकिटावर '२१० रुपये प्रति किलो' असं असलं, तर उभ्या उभ्या हजारानं गुणून कोण बघणार? त्यात अक्षर इतकं बारीक की म्हाताऱ्या माणसाला चष्मा लावूनही दिसत नाही.

तेलाच्या पिशवीकडे तर नीट बघाच. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. दिसायला लिटरची वाटणारी पिशवी आणि वर लिहिलंय ८५० ग्रॅम, तर साठ ग्रॅम तेल कमी आलं. दोन-तीन भाज्यांची फोडणी गेली. महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्याला हे कदाचित जाणवणार नाही. रोजच्या मजुरीतून संध्याकाळी छोटी पिशवी नेणाऱ्या बाईला मात्र ते चुलीपाशी कळतं. म्हणून मला याचा राग येतो.

'२० टक्के जादा' असं वाचलं की आधी विचारावं, कशापेक्षा जादा? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. दावा ज्या भाषेत असेल, खुलासाही त्याच भाषेत हवा, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. मराठी जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी दिसल्या, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर कळवा.

फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांवर एक बंधन आलं. माल घटवला पण किंमत तेवढी उतरवली नाही, तर तशी पाटी त्या वस्तूजवळ दोन महिने लावावी लागते. आपल्याकडे ही सूचना पुड्यावरच हवी, समोरच्या बाजूला आणि किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरात: आधी इतके ग्रॅम होते, आता इतके आहेत.