मेंदूचा एमआरआय रिपोर्ट कसा वाचावा?

(संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हल्ली कुणाचा एमआरआय झाला की डॉक्टरांकडे पोचण्याआधीच रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यात ‘लीजन’ शब्द दिसला की घरात रडारड सुरू. मी डॉक्टर नाही, बँकेत आयुष्य गेलं. पण न समजलेल्या कागदावर निर्णय घेऊ नये, एवढं तिथे शिकलो. म्हणून हा विषय.

पहिला अडखळवणारा शब्द ‘सुप्राटेन्टोरियल’. मोठा मेंदू वर, लहान मेंदू मागे खाली, आणि दोघांच्या मध्ये आवरणाची तंबूसारखी घडी असते. तिचं नाव टेन्टोरियम. तिच्या वरचं ते सुप्राटेन्टोरियल. म्हणजे हा नुसता पत्ता झाला, आजाराचं नाव नव्हे. ‘लीजन’चा अर्थही ‘इथे काहीतरी वेगळं दिसतंय’ इतकाच. मोठ्या माणसांतल्या मेंदूच्या गाठी बहुतेक या वरच्या भागातच असतात.

लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या डोक्याचं सीटी स्कॅन झालं. तेव्हा दिसली ती कपाळामागच्या भागातली गाठच! ते यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यानंतर एमआरआय आलं आणि चित्र आणखी स्पष्ट झालं.

चित्रात डॉक्टर काय बघतात? आधी जागा. गाठ मेंदूच्या आत आहे की बाहेरून दाबतेय? बाहेरची, आवरणाला चिकटलेली, कॉन्ट्रास्ट दिल्यावर सगळीकडे सारखी उजळणारी गाठ बहुधा मेनिंजिओमा असते, आणि बहुतेक मेनिंजिओमा कॅन्सर नसतात. काही तर नुसत्या लक्ष ठेवून सोडून देतात. मग संख्या. एकापेक्षा जास्त गाठी आणि भोवती बरीच सूज असेल, तर दुसऱ्या अवयवातला कॅन्सर मेंदूत आलाय का, हे शोधतात. कडा वेडीवाकडी उजळलेली, मधला भाग मेलेला आणि गाठ मेंदूच्या एका बाजूकडून दुसरीकडे पसरलेली, असं दिसलं तर ग्लिओब्लास्टोमा या गंभीर आजाराची शंका घेतात.

पण इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘रिंग एनहान्सिंग’, म्हणजे कडेने अंगठीसारखं उजळणं, हे फक्त कॅन्सरचं लक्षण नाही. आपल्या देशात क्षयाची गाठ आणि टेपवर्मच्या अळीची गाठही अशीच दिसते, आणि त्या दोन्हींवर औषधं आहेत. पू झाला असला तरी कडा अशीच उजळते. म्हणून डॉक्टर डिफ्यूजन, स्पेक्ट्रोस्कोपी अशा जादा तपासण्या सांगतात. त्याला उगाच खर्च म्हणू नका.

आणि चित्र कितीही चांगलं असलं तरी तो अंदाजच. गाठीचा तुकडा तपासल्यावरच पक्कं नाव ठरतं. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर काही गाठींचं नाव ठरवायला पेशींतले जनुकीय बदलही बघावे लागतात. ते फिल्मवर कसे दिसणार?

आता आपलं काम. जुन्या फिल्म, सीडी फेकू नका. गाठ वाढली की तशीच आहे, हे तुलनेतूनच कळतं. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधी सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कॉन्ट्रास्टआधी सांगा. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: गाठ आत की बाहेर? कॅन्सरखेरीज दुसरं काय असू शकतं? तुकडा तपासायची गरज आहे का?

घाबरू नका म्हणजे अंगावर काढा, असं नव्हे. मोठेपणी पहिल्यांदाच फिट येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना शब्द न सापडणं, उलटीसह सकाळची वाढती डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि शेजाऱ्याकडे असा रिपोर्ट आला, तर ग्रुपवर उपाय सुचवण्यापेक्षा त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा, बाहेर बाकावर बसा. त्या घराला त्या दिवशी त्याचीच गरज असते.