विजेची गाडी आणि गावाकडची वाट

सध्या आमच्या धावड्यात एक प्रश्न सारखा कानावर येतो. बसस्टँडवर, चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, इतकंच काय, नमाज आटोपून बाहेर चपला शोधतानासुद्धा. "चाचा, गाडी बदलायची आहे. पेट्रोलचीच घ्यावी, हायब्रीड घ्यावी, की सरळ विजेची?" विचारणारा कधी शिक्षक असतो, कधी कापसाचे पैसे हाती आलेला शेतकरी, तर कधी भाड्याची जीप चालवणारा तरुण. मी कविता लिहिणारा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण हा प्रश्न नुसत्या इंजिनाचा नाही. तो घरातल्या पैशाचा आहे, रस्त्याचा आहे, विजेचा आहे आणि वाट पाहण्याचाही आहे. म्हणून आज त्यावर बोलायचं ठरवलं.

धावडा हे भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराकडचं, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळचं गाव. कलेक्टर कचेरी, मोठं कोर्ट, जिल्ह्याचा दवाखाना हे सगळं जालन्याला. भोकरदन, राजूर करत जालना गाठायचं आणि परत यायचं, तर काटा दीडशे किलोमीटरच्या वर जातो. हे अंतर लक्षात ठेवा. पुढचा बराच हिशेब त्याच्याभोवती फिरणार आहे.

आधी नावं समजून घेऊ. हायब्रीड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. पण त्यातही दोन प्रकार आहेत. माइल्ड हायब्रीडमधली मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रीड मात्र काही अंतर निव्वळ विजेवर चालते. २०२२ साली आलेल्या मारुतीच्या ग्रँड विटारात, टोयोटाच्या हायरायडरमध्ये आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या इनोव्हा हायक्रॉसमध्ये असं स्ट्राँग हायब्रीड मिळू लागलं. तेव्हा दुकानात 'हायब्रीड' हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न हा विचारा, की ही एकट्या विजेवर चालते का?

या गाड्यांना चार्जिंगची वायर लावावी लागत नाही. एरवी ब्रेक दाबला की गाडीचा वेग उष्णता होऊन वाया जातो. हायब्रीडमध्ये त्यातला काही भाग वीज होऊन बॅटरीत परत जातो. बॅटरी अगदी छोटी, जेमतेम एखाद-दीड युनिट वीज मावेल एवढी. त्यामुळे जिथं थांबत-चालत जावं लागतं, त्या शहराच्या गर्दीत हायब्रीडचा फायदा जास्त. मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं गेलात तर फायदा कमी. जो माणूस आठवड्यातून एकदा शहरात जातो आणि बाकीचे दिवस खड्डे चुकवत शेतात जातो, त्यानं या गाडीसाठी मोजलेले जास्तीचे लाख-दोन लाख कधी वसूल होतील, हे कागदावर मांडून बघावं.

सरकारचं मापही दोघांना वेगळं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांत विजेच्या गाडीला ५ टक्के आणि मोठ्या हायब्रीडला ४० टक्के कर आहे. त्याआधी सेस धरून तो ४३ टक्के होता. महाराष्ट्रानं २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना आणि बसना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ केला. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची, असंही त्या धोरणात म्हटलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या गावच्या माणसाला समृद्धीवर चढायला आधी जालन्याजवळ पोहोचावं लागतं. सवलत महामार्गावर मिळते आणि अडचण गावच्या फाट्यावर उभी असते.

आता आकडे घेऊ. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा तिच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत होती आणि चाचणीतला पल्ला ३१२ किलोमीटर होता. चाचणीच्या जागी ऊन नसतं, घाट नसतो, मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत धान्याचं पोतं नसतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, एसी बंद ठेवता येत नाही. अशा वेळी तीनशेचा पल्ला दोनशेवर येतो असं धरून चालावं. म्हणजे जालन्याला जाऊन यायचं काम होतं, पण परतल्यावर हाताशी फार काही उरत नाही. नंतर आलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या मोठ्या आहेत, त्यांचा पल्लाही मोठा आहे, आणि किंमतही.

परत आल्यावर गाडी घरच्या १५ अँपिअरच्या प्लगला लावली, तर तीस युनिट भरायला नऊ-दहा तास लागतात. तेही वीज सलग आणि पूर्ण दाबानं राहिली तर. आमच्याकडे पंखा कधी गरगरतो, कधी नुसता हलतो, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यात रात्री दोन वाजता शेजारच्या घरातून हाक आली, बाळंतिणीला न्यायचं आहे, आणि गाडीच्या काट्यावर पंधरा टक्के दिसताहेत. गावात गाडी एका घराची असते, पण अडीनडीला ती सगळ्या गल्लीची होते. कंपनीच्या जाहिरातीत हा खर्च धरलेला नसतो.

खर्चाच्या बाजूनं मात्र विजेची गाडी उजवी आहे, हे मान्य करायला हवं. घरची वीज दहा रुपये युनिट धरली आणि मोटार एका युनिटात सहा-सात किलोमीटर गेली, तर किलोमीटरला दीड रुपया पडतो. शंभरीपार गेलेल्या पेट्रोलवर तेवढीच मोटार किलोमीटरला पाच-सहा रुपये खाते. चांगली हायब्रीड या दोघींच्या मध्ये, चार-साडेचार रुपयांवर. स्कूटरचा हिशेब तर आणखी सोपा. एका युनिटात ती तीसेक किलोमीटर जाते, आणि रात्री साध्या प्लगवर भरून निघते. शाळेत, बँकेत, पंचायत समितीत रोज तीस-चाळीस किलोमीटर ये-जा करणाऱ्यासाठी आज गावात सर्वात शहाणपणाची विजेची गाडी ही दोन चाकांचीच आहे.

कोणी म्हणेल, वीज तरी कुठं स्वच्छ आहे? खरं आहे. परळी आणि चंद्रपूरच्या चिमण्यांतून निघणारा धूर आपल्याच प्लगपर्यंत येतो. पण विजेची मोटर मिळालेली शक्ती इंजिनापेक्षा कितीतरी कमी वाया घालवते, आणि वीज उन्हापासूनही करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरलं. असा संच चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. ऊन ही एकच गोष्ट मराठवाड्याला कधी कमी पडलेली नाही. ज्याच्या घरी छत आहे आणि दिवसा गाडी घरी उभी असते, त्याच्यासाठी हे गणित बदलतं.

आता वाट पाहण्याविषयी. आपल्या भाषेत रस्त्यालाही वाट म्हणतात आणि थांबून राहण्यालाही वाट पाहणंच म्हणतात. गाडीच्या बाबतीत या दोन्ही वाटा आपण चाललो आहोत. माझ्या वयाच्या लोकांना बजाजची चेतक आठवत असेल. १९७२ साली ती आली. परवान्यांचा काळ होता, कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हेही सरकार ठरवायचं. त्यामुळे पैसे भरायचे आणि नंबर लागायची वाट बघायची. ही वाट कुठे कुठे दहा वर्षांपर्यंत लांबायची. मुलगी लहान असताना नंबर लावायचा, म्हणजे लग्नापर्यंत गाडी दारात येते, असं लोक हसत सांगायचे. त्या हसण्यात अर्धं सत्य असायचं.

तीच चेतक जानेवारी २०२० मध्ये विजेवर परत आली, आणि वाट पाहणंही सोबत घेऊन आली. एप्रिल २०२१ मध्ये पुणे आणि बंगळुरूत नोंदणी पुन्हा उघडली आणि ४८ तासांत बंद करावी लागली. पुढे २०२५ मध्ये चीननं मोटरला लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा ऑगस्टमध्ये चेतकचं उत्पादन थांबू शकतं, असा इशारा बजाज ऑटोला द्यावा लागला. हायब्रीडचीही तीच कथा. इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलांची नोंदणी पुरवठ्याच्या अडचणींमुळे एप्रिल २०२३ मध्ये थांबवण्यात आली. महिंद्रांच्या दोन नव्या विजेच्या गाड्यांची नोंदणी १४ फेब्रुवारी २०२५ ला उघडली, तर पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या नोंदल्या गेल्या. एका दिवसात तीस हजार लोक रांगेत उभे राहिले, तर शेवटच्याचा नंबर कधी, हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला कळतं.

पूर्वी सरकारच्या परवान्यासाठी थांबत होतो, आता कुठल्या तरी दूर देशातल्या चिपसाठी आणि चुंबकासाठी थांबतो. पगारदार माणूस थांबू शकतो, त्याची जुनी गाडी चालू असते. पण भाड्याची गाडी चालवणाऱ्या पोरानं कर्ज मंजूर करून घेतलं, जुनी जीप विकली आणि नवी गाडी लग्नसराई उलटून गेल्यावर आली, तर वर्षाची कमाई गेली. गाडी आल्यानंतरही दिवसातले दोन तास चार्जिंगला उभं राहावं लागलं, तर एक फेरी बुडाली. हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येतो. त्याला चार्जिंग लागत नाही.

म्हणून नोंदणी करताना काही गोष्टी कागदावर घ्या. गाडी कधी मिळणार, याची तारीख लेखी मागा. किंमत नोंदणीच्या दिवसाची लागणार की गाडी मिळण्याच्या दिवसाची, हे वाचून घ्या. बहुतेक ठिकाणी दुसरीच लागते. नोंदणी रद्द केली तर किती पैसे कापणार, ते विचारा. बॅटरीची हमी किती वर्षं आणि किती किलोमीटर, हे पाहा. मोटारींना साधारण आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी हमी दिली जाते. आणि दुरुस्ती जवळात जवळ कुठं होते, हे विचारल्याशिवाय सही करू नका. पेट्रोलच्या गाडीला फाट्यावरचा मिस्त्री हात लावतो. विजेची गाडी बंद पडली तर ती टेम्पोत घालून शहरात न्यावी लागते.

शेवटी, ज्यांच्यापुढे गाडी कोणती घ्यायची हा प्रश्नच नाही, त्यांच्याविषयी. गावात तेच जास्त आहेत. त्यांची गाडी म्हणजे एसटी. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. पुढे महामंडळानं ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घ्यायचं ठरवलं. पण बस ठरल्या वेळेत आल्या नाहीत, आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना हा करार रद्द करण्याचे निर्देश द्यावे लागले. मोटारीची वाट पाहणारा घरात बसून वाट पाहतो. बसची वाट पाहणारी मुलगी फाट्यावर उन्हात उभी असते, आणि बस आली नाही तर तिचा कॉलेजचा दिवस जातो. म्हणून विजेच्या गाड्यांचं यश मी मोटारींच्या रांगेवरून मोजणार नाही. भोकरदनच्या बसस्टँडवरून विजेची बस वेळेवर सुटून आमच्या फाट्यावर थांबते का, यावरून मोजेन.

आपल्या भागात या धंद्याची पावलं वाजू लागली आहेत. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला विजेच्या स्कूटरचा कारखाना काढायचं एथरनं २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी ३१ जुलैला टोयोटा किर्लोस्करनं संभाजीनगरात मोटारींच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. कारखाने येतील, पोरांना कामही मिळेल. पण गावापर्यंत जे यायला हवं ते कारखान्यातून येत नाही. पुऱ्या दाबाची वीज, बसस्टँडवर एक चालू असलेला चार्जर, आणि तालुक्याला या गाड्या उघडून दुरुस्त करता येतील असा आयटीआय शिकलेला मुलगा, एवढं झालं तरी निम्मा प्रश्न सुटेल. पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या आणि पाण्याच्या ठरावांखाली हा तिसरा ठरावही लिहायला सांगा. ठराव झाल्याचा कागद मात्र मागून घ्या.