ऑइलचा काटा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून चहाच्या रांगेत एकच विषय ऐकतोय. कोणाचा वरचा किती, खालचा किती, गोळी कोणती. म्हणून मीही दाबावरच बोलतो, पण इंजिनाच्या. मी गॅरेजवाला, दुसरं काही मला येतही नाही.

अण्णांची अ‍ॅम्बेसेडर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली गाडी, १४८९ सीसीचं इंजिन, आणि डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा काटा. पद्मिनीला नुसता लाल दिवा असायचा. तो लागेपर्यंत दाब तळाला गेलेला असतो.

बारावीनंतर गाडी माझ्या हाती आली. मे महिन्यात नेवाशाहून येताना इमामपूर घाट चढून थांबलो, तर चालताना ५० पौंडांवर असणारा काटा आयडलिंगला १५ वर! माझं धाबंच दणाणलं. दुसऱ्याच दिवशी जास्त घट्ट ऑइल भरलं. काटा २५ वर आला आणि मी गल्लीभर मिरवलो. अण्णा म्हणाले, "दुसरं गेज लावून बघ, बेअरिंग तपासून घे." ऐकतो कोण?

खरं तर सरांनी हे आपल्याला शाळेच्या बागेतच शिकवलं होतं. नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोरात उडतं. इंजिनातही तसंच. पंप तेल ढकलतो, बेअरिंगच्या बारीक फटीत ते अडतं, म्हणून दाब तयार होतो. तेल तापलं की पातळ होतं, फटीतून सहज निसटतं. शिवाय आयडलिंगला पंप सावकाश फिरतो. म्हणजे गरम इंजिनाला रस्त्यावर ५० च्या आसपास आणि उभ्या गाडीत १५, हा त्या गाडीचा नॉर्मल दाब होता. थंडीत सकाळी काटा ६० दाखवायचा, ती तेलाच्या घट्टपणाची करामत. आणि बेअरिंग झिजून फट वाढली असेल, तर घट्ट तेल त्यावर नुसतं पांघरूण घालतं.

पुढच्या वर्षी पाथर्डीहून येताना करंजी घाटात चालत्या गाडीत काटा ५० वरून २० वर उतरला. मी म्हटलं, घाट आहे, उतरतोच. मागे उगाच घाबरलो होतो. थोड्या वेळात खालून ठकठक सुरू झाली. तिथंच बंद करायला हवी होती. मी नगर गाठायचं ठरवलं.

क्रँकला खोल चरे पडले होते. ग्राइंडिंग, नवी बेअरिंगं, सगळं इंजिनकाम निघालं. ताईच्या लग्नासाठी ठेवलेल्या आईच्या पाटल्या सराफाकडे गेल्या, लग्न वर्षभर पुढे गेलं. ताई याच शाळेची; आज मागच्या रांगेत बसली आहे. तिनं आजवर एकदाही बोलून दाखवलं नाही.

तेव्हापासून गॅरेजात कोणी "नॉर्मल किती?" विचारलं, की मी आधी विचारतो: तुमचा काटा एरवी कुठं असतो? गाडी गरम असताना, रस्त्यावर आणि उभी, दोन्ही आकडे लिहून ठेवा. चालता चालता त्यात एकदम फरक पडला तर किल्ली फिरवा, मग डिपस्टिक बघा. कधी कधी गेजच बिघडलेलं निघतं, पण ते गाडी बंद करून तपासायचं.

गाडी बाहेर उभी आहे. जेवण झालं की इमामपूरपर्यंत चक्कर मारू. सर, तुम्ही पुढं बसा. काटा तुम्ही बघायचा.