भांडण झाल्यावर आई काय बोलते



अडीच-तीन वर्षांची दोन मुलं खेळण्यातल्या बादलीवरून झोंबतात. एक ढकलतं, दुसरं रडायला लागतं. आजूबाजूच्या बायका बघत असतात. त्या नजरांमुळे आई घाईघाईनं म्हणते, "चल, आधी सॉरी म्हण!" मूल मान खाली घालून पुटपुटतं आणि विषय मिटतो. मला वाटतं, तो तिथे मिटायला नको. चारचौघांत मिळून-मिसळून वागायला मूल शिकतं ते अशाच वेळी, आणि आई तेव्हा काय बोलते यावर बरंच काही ठरतं.

कॅरोलिन झान-वॅक्सलर, मॅरियन रॅडके-यारो आणि रॉबर्ट किंग या अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली यावरचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं दीड ते अडीच वर्षांची होती आणि निरीक्षणाचं काम आयांनाच शिकवलेलं होतं. कुणाला लागलं, कुणी रडलं, की मूल काय करतं आणि आपण काय करतो, हे त्या नऊ महिने टिपत राहिल्या. "तू चावलास म्हणून त्याला दुखलं, बघ, तो रडतोय," असं स्पष्ट सांगणाऱ्या आयांची मुलं आपली चूक निस्तरायला अधिक वेळा पुढे होत. आपण न दुखावलेल्या माणसालाही ती जवळ जाऊन धीर देत. नुसत्या "असं करायचं नाही"चा तसा उपयोग दिसला नाही. या आया सपाट आवाजात पाठ म्हटल्यासारखं बोलत नव्हत्या, हेही महत्त्वाचं. त्यांच्या बोलण्यात कळकळ होती, ठामपणा होता. म्हणजे आईचा आवाज थोडा चढला तरी हरकत नाही, पण त्यात कारण हवं.

असं का होत असावं? मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी याचा उलगडा केला आहे. धपाटा बसला की मुलाचं सगळं लक्ष स्वतःच्या दुखण्याकडे आणि आईच्या रागाकडे जातं. समोरचं रडणारं मूल त्याच्या मनातून निघूनच जातं. समजावून सांगितलं, की ते त्या मुलाकडे बघतं.

याचा अर्थ शिस्त नको, असा मात्र नाही. बर्कलीच्या विद्यापीठात डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे आईवडील यांचा अभ्यास केला. नुसत्या धाकात वाढलेली मुलं इतरांपासून दूर दूर राहत. सगळंच मोकळं सोडलेल्या मुलांना स्वतःला आवरता येत नसे. ज्या घरांत नियम पक्के होते, पण त्यांचं कारण सांगितलं जाई आणि मुलाचंही ऐकलं जाई, तिथली मुलं स्वावलंबी आणि मैत्री करणारी होती.

बुजऱ्या मुलांचं काय? कुणी नाव विचारलं की मुलाआधी आईच उत्तर देते, वर म्हणते, "फार लाजाळू आहे हो आमचा!" केनेथ रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ साली आढळलं, की ज्यांच्या आया सतत मध्ये पडत किंवा टोचून बोलत, त्या मुलांचा दुसऱ्या वर्षीचा बुजरेपणा चौथ्या वर्षीही टिकून राही. इतर बुजऱ्या मुलांत तसं घडेलच असं नव्हतं. म्हणून मुलाला उत्तर द्यायला थोडा वेळ द्यावा. गप्प राहिलं, तरी चारचौघांत त्याचा स्वभाव सांगू नये.

हे सगळं आईच्या माथी मारण्यासाठी मी बोलत नाही. मुलाचा पिंड जन्मतःच वेगळा असतो आणि त्याचा आईच्या वागण्यावरही परिणाम होतो. शिवाय दमलेल्या बाईला खाली बसून, मुलाच्या डोळ्यांत बघून बोलायला उसंत कुठून मिळणार? ती उसंत देणं घरातल्या सगळ्यांच्या हाती आहे. बाबांनी संध्याकाळची कामं वाटून घ्यावीत. ती मुलाला समजावत असताना "एक ठेवून दे, मग ऐकेल" असं कुणी मध्येच म्हणू नये. आणि ती घरात नसेल तेव्हा आजी-आजोबांनी, बाबांनीही मुलाशी तसंच बोलावं. घरातली सगळी माणसं एका रीतीनं बोलली, की मुलाला ती रीत आपली वाटते.